बोलता मेंदू आणि झाडीपट्टीची जीभ

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील जो वनप्रदेश झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो, तेथील बोलीत प्रमाण मराठीतील ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होते. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीत ण, ळ, श, ष आणि छ ही व्यंजने नसल्याचे नोंदवले आहे. त्यामुळे नागभीडसारख्या तालुक्याच्या गावात वाढणारे मूल घरी ‘डोरा’ म्हणते, शाळेत ‘डोळा’ वाचायला शिकते आणि पुढे आयुष्यभर समोरच्या माणसाकडे पाहून या दोहोंपैकी एकाची निवड करत राहते, तीही एका क्षणाच्या लहानशा अंशात. ‘र’ उच्चारताना जिभेचे टोक दातांमागच्या हिरडीला जेमतेम वीस-तीस मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे दोन-तीन शतांश, स्पर्शून परत येते. ‘ळ’ उच्चारताना तेच टोक मागे वळून टाळूकडे उचलले जाते आणि हवा जिभेच्या कडांवरून बाहेर पडते. या दोन हालचालींपैकी कोणती करायची हे मेंदू केव्हा ठरवतो, कोठे ठरवतो आणि तो निर्णय जिभेपर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न विचारायला सोपा आहे. तो मोजायचा म्हटले की अडचणी सुरू होतात.

अडचणीचे मूळ बोलण्याच्या क्रियेतच आहे. फुप्फुसे, स्वरयंत्र, जीभ, जबडा, ओठ आणि पडजीभ यांना हलवणारे सुमारे शंभर स्नायू या क्रियेत भाग घेतात, सामान्य गतीच्या बोलण्यात दर सेकंदाला दहा ते पंधरा ध्वनी बाहेर पडतात, आणि यांतील बहुतेक हालचाल बंद तोंडात, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी होते. त्या हालचालीची आज्ञा देणारा मेंदू कवटीच्या आत असतो. म्हणजे संशोधकाला दोन झाकलेल्या गोष्टींची नोंद एकाच वेळी, मिलिसेकंदांच्या हिशेबाने घ्यायची असते. तशी ती घेताना एका नोंदीचे साधन दुसऱ्या नोंदीत ढवळाढवळ करते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेच्या कुतूहलाचा नाही, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या बाबतीत तर मुळीच नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभ्या केलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ गावांमधील मृत्यूंचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या गावांत नोंदल्या गेलेल्या १५९९ मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने, म्हणजे गावात ज्याला लकवा म्हणतात त्याने झाले होते, आणि मृत्यूच्या कारणांत लकव्याचा क्रमांक पहिला होता. लकव्यातून जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांची वाचा जाते किंवा बिघडते. मेंदूतील भाषेच्या यंत्रणेलाच इजा होऊन शब्द सापडेनासे झाले किंवा ऐकलेले समजेनासे झाले तर त्या अवस्थेला वाचाघात म्हणतात. भाषा शाबूत राहून फक्त जीभ-ओठांचे स्नायू दुबळे झाले तर उच्चार अस्पष्ट होतात, पण शब्द मनात असतात. दोन्ही रुग्णांचे बोलणे कानाला सारखेच तुटक वाटू शकते, उपचार मात्र वेगळे असतात. हा फरक खात्रीने ओळखायचा तर मेंदू आणि मुख या दोहोंकडे एकत्र पाहता आले पाहिजे. येथे एक गोष्ट जाताजाता नोंदवण्याजोगी आहे: झाडीपट्टीतील मेंदूविकारांबद्दलचा हा सर्वांत महत्त्वाचा आकडा कोणत्याही यंत्रातून आलेला नाही. मृताच्या घरी जाऊन, शेवटच्या आजाराची लक्षणे कुटुंबीयांना विचारून मृत्यूचे कारण ठरवण्याच्या पद्धतीतून तो आला आहे.

वाचेचे मेंदूतील स्थान शोधण्याची सुरुवातही मृत्यूनंतरच झाली. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी लेबोर्न नावाच्या, अनेक वर्षे एकच अक्षर उच्चारू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या निधनानंतर तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातील इजा दाखवली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी मागच्या भागातील इजेचा संबंध बोलणे न समजण्याशी जोडला. पुढची कित्येक दशके वाचेचे ज्ञान बिघडलेल्या मेंदूंच्या अशा तपासणीवरच उभे होते. जिवंत माणसाच्या मेंदूतील विद्युत हालचाल डोक्याच्या त्वचेवरून टिपता येते, हे हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यातून आजचे ईईजी तंत्र निघाले. ते स्वस्त आहे, हलवता येते, मिलिसेकंदापर्यंतचा वेळ सांगते, आणि त्यामुळे बोलण्याच्या अभ्यासाला सर्वांत योग्य ठरायला हवे होते.

प्रत्यक्षात तसे झाले नाही. मेंदूचा विद्युत संकेत कवटी ओलांडून त्वचेपर्यंत येताना दहा-वीस मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहालाखाव्या भागांइतका उरतो, आणि जबडा मिटताना कानशिलाचा स्नायू याहून कित्येक पटींनी मोठा संकेत सोडतो. धान मळणीचे यंत्र चालू असताना शेजारी कोणी कुजबुजावे आणि ती कुजबुज लिहून घ्यायची जबाबदारी तिसऱ्यावर असावी, तशी येथे संशोधकाची स्थिती होते. दोन संकेतांची कंपने वेगवेगळ्या पट्ट्यांत असती तर गाळणी लावून स्नायूंचा भाग काढता आला असता; परंतु स्नायूंचा संकेत सेकंदाला साधारण वीस कंपनांपासून पुढे शेकड्यांपर्यंत पसरलेला असतो आणि मेंदूच्या ज्या जलद लहरी बोलण्याशी संबंधित मानल्या जातात त्याही याच पट्ट्यात येतात. शिवाय जीभ स्वतःच विद्युतभारित असते, तिचे टोक मुळाच्या तुलनेत ऋण असते, आणि ती तोंडात हलली की डोक्यावरील इलेक्ट्रोडांवर मंद लाट उमटते, जी अजाणत्या डोळ्याला मेंदूची लाट वाटू शकते. म्हणजे ‘डोळा’ म्हणताना जीभ वळली याची नोंद मेंदूच्या आलेखात होते खरी, पण ती मेंदूने केलेली नसते.

यावर अनेक वर्षे वापरली गेलेली युक्ती अशी, की बोलणे मोजायचेच नाही, बोलण्याच्या आधीचा काळ मोजायचा. व्यक्तीला चित्र दाखवायचे आणि नाव उच्चारण्यापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातील आलेख पाहायचा. अशा अनेक प्रयोगांची एकत्र मांडणी करून इंडेफ्री आणि लेव्हेल्ट यांनी २००४ मध्ये एक वेळापत्रक दिले: चित्र दिसल्यापासून सुमारे पावणेदोनशे मिलिसेकंदांत कल्पना पक्की होते, अडीचशेच्या आसपास शब्दाची निवड होते, साडेचारशेपर्यंत त्याचे ध्वनिरूप जुळते आणि सुमारे सहाशेव्या मिलिसेकंदाला तोंड उघडते. हे वेळापत्रक मोलाचे आहे, पण ते एकेकट्या शब्दाचे आणि चित्र पाहून केलेल्या नामोच्चाराचे आहे. बाजारात भाव करणारा, नातवाला हाक मारणारा किंवा अर्धे वाक्य गोंडीत आणि अर्धे मराठीत पूर्ण करणारा माणूस त्यात बसत नाही, आणि तोंड उघडल्यानंतर काय होते याबद्दल ते काही सांगत नाही.

मेंदूचे चित्र काढणारे दुसरे तंत्र एफएमआरआय हे रक्तावर अवलंबून असते. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक जाते, प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण भिन्न असतात, आणि हा फरक यंत्र टिपते, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले. मिलिमीटरपर्यंतची जागा सांगणारे हे तंत्र वेळेच्या बाबतीत मात्र फार मंद आहे, कारण रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात बोलणारा पन्नासहून अधिक ध्वनी उच्चारून गेलेला असतो. डोके किंचितही हलले तर चित्र बिघडते. आणि डोके शिकंज्यात धरले तरी जबडा उघडताच तोंडातील हवेचा आकार बदलून शेजारचे चुंबकीय क्षेत्र विस्कटते, त्यामुळे मेंदूच्या खालच्या भागाचे चित्र तोंडाच्या हालचालीनेच डागाळते. म्हणून काही प्रयोगांत यंत्र काही सेकंद थांबवून, त्या शांततेत व्यक्तीला बोलायला सांगून, रक्ताचा उशिरा येणारा प्रतिसाद नंतर टिपला जातो. तंत्राच्या उशिराचा असा उपयोग करून घेणे हुशारीचेच आहे.

परंतु पूर्व विदर्भात आणखी एक गुंतागुंत आहे, जिचा विचार या तंत्राच्या पाठ्यपुस्तकी वर्णनात क्वचितच येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. या विकारात हिमोग्लोबिन सदोष असते, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तक्षय होतो, आणि त्याची भरपाई म्हणून मेंदूकडे मुळातच जादा रक्त वाहत असते. त्यामुळे काम पडल्यावर प्रवाह आणखी वाढवायला जागा कमी उरते आणि एफएमआरआयचा संकेत लहान दिसू शकतो. त्याच विकारात लहान वयात लकवा होण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे वाचा बिघडण्याची शक्यता ज्यांना अधिक, नेमक्या त्यांच्याच बाबतीत हे मोजमाप कमी विश्वासाचे ठरते, आणि मेंदू शांत दिसला तर तो खरोखर शांत आहे की रक्ताने साक्ष दिली नाही, हे निराळे तपासावे लागते.

यंत्रातील बोलणे हे बोलणे तरी किती असते, हाही प्रश्न आहे. माणूस अरुंद नळीत उताणा पडलेला असतो, गुरुत्वाकर्षणाने जीभ घशाकडे ओढली जाते, आणि यंत्राचा खडखडाट शंभर डेसिबलच्याही वर जातो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो आणि स्वर ताणतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवले होते. झाडीपट्टी रंगभूमीच्या नटाला हे निराळे सांगण्याची गरज नाही. रात्रभर चालणाऱ्या नाटकात मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारे त्याचे बोलणे आणि घरातले बोलणे यांत श्वासाचा, जबड्याचा आणि स्वराचा सगळा हिशेबच वेगळा असतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, परंतु अशा नटाचे बोलणे, म्हणजे उभ्याने, हातवारे करत, समोरच्या पात्राला उत्तर देत केलेले बोलणे, एफएमआरआयच्या नळीत मोजता येत नाही.

एमईजी हे तिसरे तंत्र मेंदूचे चुंबकीय क्षेत्र टिपते, वेळ आणि जागा दोन्ही बऱ्यापैकी सांगते, पण ते क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही अब्जांशाएवढे क्षीण असल्याने खास धातूच्या भिंतींची खोली लागते. नागभीडसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात ते बसवण्याचा विचार न केलेलाच बरा.

मुखाच्या बाजूच्या साधनांचा इतिहास मेंदूच्या यंत्रांहून जुना आणि काहीसा अधिक कल्पक आहे. जिभेवर तेलात कालवलेली कोळशाची पूड लावायची, एक शब्द उच्चारायला सांगायचा आणि नंतर आरसा घालून टाळूवर उमटलेला डाग पाहायचा, ही टाळूठशाची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. विसाव्या शतकात बोलत्या तोंडाचे क्ष-किरण चित्रपट घेतले गेले आणि त्यांतून अमूल्य माहिती मिळाली, परंतु किरणोत्साराचा धोका लक्षात आल्यावर निरोगी माणसांवर तसे करणे बंद पडले. त्या काळच्या क्ष-किरण नोंदींवरून पीटर लॅडेफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी १९८३ मध्ये दाखवले, की हिंदी बोलणाऱ्यांचा ‘ट’ जिभेच्या टोकाने, हिरडीच्या किंचित मागे होतो, तर तमिळ आणि तेलुगू बोलणाऱ्यांचा ‘ट’ जीभ पुरती मागे वळवून, तिच्या खालच्या पृष्ठभागाने टाळूला स्पर्श करून होतो. लिपीत एकाच रकान्यात बसणारा ध्वनी तोंडात दोन निरनिराळ्या जागी असतो. नागभीडपासून पूर्वेला आणि दक्षिणेला गेले की गोंडी आणि माडिया या द्राविड कुळातील भाषा बोलणाऱ्यांची वस्ती लागते, सिरोंच्याकडे तेलुगू येते, आणि यांतील बहुतेक माणसे मराठीही बोलतात. त्यांची जीभ मराठीचा ‘ट’ किंवा ‘ळ’ कोणत्या पद्धतीने घडवते, हा प्रश्न अंदाजाने नव्हे, मोजूनच सुटण्यासारखा आहे.

तो मोजण्याची आजची साधने तीन. पहिल्यात जिभेवर, ओठांवर आणि दातांवर बारीक वेटोळी चिकटवून बदलत्या चुंबकीय क्षेत्रात त्यांची जागा सेकंदाला शेकडो वेळा नोंदली जाते. ही नोंद अत्यंत अचूक, पण लाळेने वेटोळी सुटतात, जिभेच्या अगदी टोकावर ती बसवता येत नाहीत कारण मग उच्चारच बिघडतो, आणि जिभेच्या मागच्या भागावर बसवली तर उमासे येतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रशांत कुमार घोष यांच्या प्रयोगशाळेत या तंत्राने भारतीय बोलणाऱ्यांच्या नोंदी घेतल्या गेल्या आहेत. दुसरे साधन जलद एमआरआय. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात श्रीकांत नारायणन यांच्या गटाने ओठांपासून स्वरयंत्रापर्यंतचा संपूर्ण मार्ग चलच्चित्रासारखा दाखवणारे तंत्र विकसित केले आणि २०२१ मध्ये ७५ बोलणाऱ्यांच्या, सेकंदाला ८३ चित्रे असलेल्या नोंदी खुल्या केल्या. तेथेही सेकंदाच्या दोन-तीन शतांशांत उरकणारा ‘र’ दोन-तीन चित्रांतच संपतो. तिसरे साधन गावोगाव परिचयाचे आहे, ते म्हणजे सोनोग्राफी: हनुवटीखाली यंत्राचे टोक धरले की जिभेच्या पाठीची वक्ररेषा पडद्यावर हलताना दिसते. मात्र ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत, आणि जीभ वळली की तिच्या टोकाखाली हवेची पोकळी तयार होते; त्यामुळे ‘ळ’ आणि ‘ण’ यांत जी गोष्ट पाहायची असते, ते वळलेले टोकच नेमके अंधारात जाते.

आता ही दोन्ही टोके जोडायची. वेटोळ्यांचे चुंबकीय तंत्र एमआरआयच्या प्रचंड चुंबकाजवळ चालत नाही आणि एमईजीचा क्षीण संकेत बुडवून टाकते. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठात एमईजीबरोबर चालेल अशी निराळी वेटोळ्यांची पद्धत वापरली गेली, पण ती अपवादच. सर्वांत स्पष्ट उत्तरे कवटी उघडलेल्या रुग्णांकडून मिळाली आहेत. फिटांचा विकार औषधांनी आटोक्यात येत नसला की शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडांची जाळी ठेवतात, आणि रुग्णाची संमती असेल तर त्या दिवसांत त्याच्याकडून बोलण्याचे प्रयोग करून घेतात. सॅन फ्रान्सिस्कोतील एडवर्ड चँग यांच्या गटाने २०१३ मध्ये अशा तीन व्यक्तींच्या नोंदींवरून मेंदूच्या पृष्ठभागावर ओठ, जबडा, जीभ आणि स्वरयंत्र यांचे प्रदेश कसे मांडलेले आहेत आणि उच्चारागणिक ते कोणत्या क्रमाने जागे होतात हे दाखवले. जिभेची हालचाल टिपण्यासाठी २०१६ मध्ये याच गटाने रुग्णाच्या खाटेशेजारी चालेल अशी सोनोग्राफी आणि ओठांच्या चित्रीकरणाची जोड वापरून पाहिली, कारण वेटोळी आणि तारा जखमी डोक्याच्या माणसाच्या तोंडात घालणे शक्य नव्हते.

पुढे त्यांनी मार्ग बदलला आणि जीभ मोजणे सोडून आवाजावरून जिभेची हालचाल गणिताने काढायला सुरुवात केली. २०१८ मधील पाच व्यक्तींचा अभ्यास आणि २०१९ मध्ये गोपाल अनुमंचिपल्ली यांच्यासह प्रसिद्ध झालेले, मेंदूच्या संकेतांवरून वाक्ये ऐकवणारे काम या गणितावरच उभे आहे. वाचा गेलेल्या माणसाला पडद्यामार्फत पुन्हा बोलते करणारी २०२३ मधील यंत्रे, मिनिटाला साठ ते ऐंशी शब्दांच्या गतीने, याच परंपरेतून आली. यश मोठे आहे, यात शंका नाही. तरीही हे गणित ज्यांच्या जिभांवर वेटोळी लावून शिकवले गेले ते इंग्रजी बोलणारे होते, आणि इंग्रजीत मराठीचा ‘ळ’ही नाही आणि ‘म्ह’, ‘न्ह’ यांसारखे श्वासमिश्रित ध्वनीही नाहीत. इतक्या थेट नोंदीतही फसगत होऊ शकते, हे ग्रनोबलच्या संशोधकांनी २०२० मध्ये उघड केले: बोलणाऱ्याच्या आवाजाच्या कंपनांनी तारा आणि जोडण्या सूक्ष्म थरथरतात, त्या थरथरीचा विद्युत संकेत होतो, आणि मेंदूची म्हणून घेतलेली नोंद काही प्रमाणात मायक्रोफोनची नोंद ठरते. मेंदूतून आवाज काढल्याचा दावा करताना मुळात आवाजातूनच आवाज काढला गेलेला नाही ना, हे त्यानंतर प्रत्येकाला तपासावे लागले.

यांतील बहुतेक यंत्रे नागभीडसारख्या गावापर्यंत पोहोचलेली नाहीत. ती पोहोचेपर्यंत थांबावे असे मात्र नाही. याच गडचिरोलीत सर्चने बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे साधन गावातील आरोग्यदूतांच्या हाती दिले होते, आणि योग्य प्रश्नाला स्वस्त माप पुरते याचा तो चांगला दाखला आहे. बोलण्याच्या बाबतीत पहिले स्वस्त माप आवाजाचे ध्वनिमुद्रण. भारतीय विज्ञान संस्थेचा ‘वाणी’ प्रकल्प देशाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून लोकांचे बोलणे गोळा करण्यासाठी आहे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतलेले आहे. लकवा होण्याआधी त्या भागातले निरोगी माणूस कसे बोलते याची अशी नोंद असेल, तर ‘डोरा’ म्हणणाऱ्या रुग्णाचा उच्चार बिघडलेला म्हणून मोजला जाणार नाही. प्रमाण मराठीच्या कसोटीवर त्याची चाचणी घेतली तर ही चूक सहज होऊ शकते.

दुसरे माप, म्हणजे हनुवटीखालची सोनोग्राफी, तंत्राच्या दृष्टीने गावात नेता येईल, पण कायद्याच्या दृष्टीने ते सोपे नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि त्याखालील नियमांनुसार सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीकृत केंद्रालाच विकता येते, तर हलवता येणाऱ्या यंत्राच्या वापरावर आणखी कडक बंधने आहेत. हा बंदोबस्त मुलींच्या जिवासाठी आहे आणि तो सैल व्हावा असे कोणी भाषाभ्यासक म्हणणार नाही. त्यामुळे झाडीपट्टीतील जीभ पाहायची तर बोलणाऱ्याला नोंदणीकृत दवाखान्यात आणावे लागेल, किंवा अभ्यासकाला कोळशाची पूड आणि आरसा या जुन्या जोडीकडे वळावे लागेल. तिला परवाना लागत नाही, ‘डोरा’ आणि ‘डोळा’ म्हणताना जीभ टाळूला कोठे टेकली हे ती एका शब्दापुरते नेमके सांगते, आणि केव्हा टेकली हे मात्र तिला सांगता येत नाही.